सोयरिकीआधी गालाची काच

माझा धंदा लोकांचे गाल खरवडण्याचा आहे, तोही आतल्या बाजूने. घरी पाहुणे आले की बायको "हे कॉलेजात असतात" एवढंच सांगून विषय बदलते. एकदा तिने खरं सांगितलं होतं, तेव्हा पाहुण्यांनी हातातली पोह्यांची बशी खाली ठेवली आणि पुन्हा उचलली नाही.

कागदावर मी चिखलीच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे. पण चिखली-मेहकरच्या मधल्या वाड्यावस्त्यांवर मला कोणी त्या नावाने ओळखत नाही. तिथे मी "गालवाले सर". मोटारसायकल दिसली की बाया एकमेकींना सांगतात, "चूळ भरून घ्या वो, गालवाले सर येऊन राह्यले."

काम दिसायला सोपं आहे. माणसाला चूळ भरायला लावायची, "आ करा" म्हणायचं आणि आइस्क्रीमला असते तसली लाकडी काडी गालाच्या आतून हलकेच फिरवायची. दुखत नाही, गुदगुल्या होतात. भरघोस मिशांचा एक सरपंच माझ्यासमोर शाळकरी पोरीसारखा खुदखुदला होता. काडीवर जे पांढुरकं येतं ते काचेच्या पट्टीवर पसरायचं, वाळवायचं, त्यावर रंग चढवायचा आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचं. मग दिसतात गालाच्या पेशी. प्रत्येक पेशीत एक गोल, गडद ठिपका. ते तिचं केंद्रक. आपल्या शरीराचा सगळा कारभार ज्या धाग्यांवर चालतो, ती गुणसूत्रं त्यात असतात.

आता हे धागे तुटले की काय होतं? वस्तीवर हे समजावताना मी भावांच्या वाटणीचं उदाहरण देतो, कारण ते सगळ्यांना एका झटक्यात कळतं. एका पेशीच्या जेव्हा दोन होतात तेव्हा घरातल्या वस्तू निम्म्या-निम्म्या वाटून जातात. पण एखादी खाट मोडकी असली तर तिला कोणीच नेत नाही, ती अंगणात पडून राहते. तसाच गुणसूत्राचा तुटका तुकडा दोन्हीकडे जायचा राहतो आणि मोठ्या केंद्रकाच्या बाजूला एक बारीकसा ठिपका बनून बसतो. त्या ठिपक्याला आमच्या भाषेत सूक्ष्मकेंद्रक म्हणतात. असे एक-दोन ठिपके कोणाच्याही गालात सापडतात. जास्त सापडले की समजायचं, या घरात मोडतोड चालू आहे.

मोडतोड कशानेही होते. आमच्या मॅडम ती पाण्यातल्या आर्सेनिक नावाच्या विषाने होते का ते पाहत होत्या. मॅडम म्हणजे आमच्या विभागप्रमुख. ठेंगण्या, चष्म्याच्या, आवाज असा की शेवटच्या बाकावरचा झोपलेला विद्यार्थी उभा राहून हजेरी देतो. त्यांच्याइतकी सरळ बाई मी पाहिली नाही. त्यांचा एक नियम होता: काचेवर नाव नाही, फक्त क्रमांक. ज्याचा गाल त्याचीच काच. त्याला वाटलं तर त्याने येऊन पाहावी, वाटलं तर दुसऱ्याला दाखवावी. आमच्या तोंडून मात्र एकाचं दुसऱ्याला जाणार नाही.

माझ्या कामातली खरी डोकेदुखी म्हणजे तंबाखू. तिनेही गालात तेच ठिपके होतात, त्यामुळे कोण खातो हे कळल्याशिवाय मोजणीला अर्थ नाही. आणि हे विचारायचं कुठे, तर बायको आणि सासू दाराशी उभ्या असताना! "तंबाखू?" "राम राम, सर! हात नाही लावत." सांगणाऱ्याच्या खिशात डबी टकटक वाजत असते. मी मग दोन-चार प्रश्न पिकाचे विचारायचो, पाऊसपाणी काढायचो आणि मध्येच सहज म्हणायचो, "चुना घरी भिजवता की विकतचा?" "घरचा जी! विकतचा लय तेज राह्यते, तोंड भाजते." लिहून घेतलं. मागे सासूचा हात कपाळावर.

हे सगळं ज्या वस्तीमुळे सुरू झालं तिचं नाव मी लिहिणार नाही. मेहकरच्या रस्त्यावरून आत वळलं की माळावर थोडी घरं, खाली उतारावर वांगी, मेथी, कांद्याचे वाफे आणि मधोमध एक विहीर. ती विहीर वस्तीचा अभिमान होती. आमच्या भागात पाण्याची परीक्षा डाळीने होते. तुरीची डाळ ज्या पाण्यात लवकर शिजते ते पाणी चांगलं, ज्यात ती तासभर टणक राहते ते खराब. या विहिरीच्या पाण्यात डाळ लोण्यासारखी व्हायची. लग्नाकार्याला शेजारच्या गावचे लोक इथून टाकी भरून न्यायचे. आर्सेनिकला चव नाही, वास नाही, रंग नाही. आणि डाळीला त्याची काही पडलेली नसते.

तसं आपल्या काळ्या खडकात आर्सेनिक सहसा नसतं. ते आलं वरून. विहिरीच्या वरच्या अंगाला कोणे एके काळी लाकडी खांबांना उधई, म्हणजे वाळवी, लागू नये म्हणून औषधात बुडवायचं एक शेड होतं. मालक कुठे गेला कोणाला ठाऊक नाही. हौदांवर माती ढकलली गेली आणि त्यावर बाभळी उगवल्या. औषधातलं आर्सेनिक मात्र दर पावसाळ्यात थोडं थोडं उतारावरून खाली येत राहिलं.

ते पकडलं एका कातडीच्या डॉक्टरांनी, नामदेवबुवांच्या तळहातावर. नामदेवबुवा वस्तीतले सगळ्यात जुने. विहीर तरुणपणी त्यांनी स्वतः खणलेली. त्यांच्या तळहातावर ज्वारीचे दाणे पेरावेत तसे टणक खडे आले होते आणि छातीवर पांढरे-काळे ठिपके. डॉक्टरांनी मॅडमना फोन केला आणि आम्ही पाणी तपासायला गेलो. बाटलीत पाणी घ्यायचं, त्यात रसायनाच्या पुड्या टाकायच्या, तोंडाशी औषधी कागद लावायचा. कागद पांढरा राहिला तर बरं. आमचा कागद हळदीसारखा पिवळा झाला, मग विटकरी.

जमलेल्या बायांत नामदेवबुवांची सून वच्छलाबाई पुढे होती. जीभ म्हणजे कातरी. ती म्हणाली, "कागदाले काय कळते सर? आमी एवढ्या वर्सापासून पेऊन राह्यलो, मेलो काय?"

मॅडम म्हणाल्या, "ताई, एकदम मेला असता तर कळलं असतं. हे हळूहळू करतं, म्हणून कळत नाही."

मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेतूनही तेच उत्तर आलं. मग आम्ही वस्तीतले गाल खरवडले आणि दूरच्या, दुसऱ्या पाण्यावरच्या तशाच एका वस्तीतलेही. वस्तीच्या गालांत ठिपके स्पष्ट जास्त होते, तंबाखूला हात न लावणाऱ्या बायांतसुद्धा. आर्सेनिक स्वतः धागे तोडतं त्यापेक्षा वाईट काम करतं. धागे रोज तुटतच असतात, आपलं शरीर ते रोज सांधतं. आर्सेनिक त्या सांधणाऱ्या कारागिरांचे हात बांधून ठेवतं.

मॅडमनी सगळ्यांना बसवून हे सांगितलं. विहीर सोडायची, पलीकडच्या बोअरचं पाणी प्यायचं. बोअरचं पाणी तपासलेलं, निर्धोक. पण त्यात डाळ शिजेना! बायांचा सगळा राग त्या डाळीवर निघाला. वच्छलाबाई मला म्हणाली, "तुमच्या मॅडमले म्हना, एक दिवस इथी येऊन सयंपाक करून दाखवा." आणि मॅडम गेल्या. खरोखर गेल्या. चिमूटभर खायचा सोडा घेऊन, पदर खोचून, वच्छलाबाईच्या चुलीपुढे बसल्या. डाळ शिजली. मीठ विसरल्या, ते वस्तीने अजून विसरलेलं नाही.

तरी काही घरांतून चोरून विहिरीचं पाणी जातच होतं. ते थांबवलं नामदेवबुवांनी. एका सकाळी आम्ही पोचलो तर म्हातारा बाभळीच्या काट्या ओढत विहिरीकडे निघालेला. तळहातांना ते खडे, त्यात काटे. मी धावलो तर हात झटकला. म्हणाले, "मी खनली, मीच बुजवतो. दुसऱ्याचा हात नाही लागला पाह्यजे तिले." दिवसभर एकट्याने काट्या रचून त्यांनी विहिरीचं तोंड झाकलं. संध्याकाळी काठावर बसून राहिले. दुसऱ्या दिवसापासून बोअरवर रांग लागली. बुवांच्या हातावरचे खडे मात्र तसेच आहेत. दर थोड्या महिन्यांनी डॉक्टर ते तपासतात, एखादा चिघळतो का पाहतात. पाणी सोडलं तरी सगळं परत मिळत नाही, हे बुवांचा हात हातात घेतला की मला अजून टोचतं.

इतपत ठीक होतं. मग घोटाळा झाला. मॅडमच्या बोलण्यातला "गुणसूत्रांना इजा" हा शब्द वस्तीबाहेर गेला. चहाच्या टपरीवर, जीपच्या मागच्या बाकावर, बाजारात भाजीच्या ढिगाशेजारी त्याचं काय व्हायचं ते झालं. आमच्याकडे रक्ताचं, बीजाचं बोलणं एकाच ठिकाणी होतं, सोयरीक जुळवताना. लोकांनी तो शब्द तिथेच नेऊन बसवला. "त्या वस्तीच्या लोकायच्या बीजात खोट हाय. पोरी करू नका तिथच्या."

वच्छलाबाईची मुलगी कोमल. बारावी झालेली, वडिलांबरोबर भाजीचा टेम्पो घेऊन चिखलीच्या बाजारात येणारी. आईची जीभ आणि आज्याचा हट्ट, दोन्ही जसंच्या तसं घेतलेली. तिची सोयरीक मेहकरकडच्या उत्तमरावांच्या मुलाशी जवळजवळ ठरली होती. उत्तमराव बागायतदार, तोंडात कायम खर्रा, म्हणजे आपली सुपारी-तंबाखू-चुन्याची पुडी. मुलगा निलेश, कृषी दुकानात कामाला. कुंकू लावायचा दिवस काढायचा तेवढा बाकी होता. उत्तमरावांनी निरोप पाठवला: थांबा.

कोमल बाजार आटोपून सरळ प्रयोगशाळेत आली. कोथिंबिरीचा वास, हातात हेल्मेट.

"सर, माह्यात खोट हाय काय?"

मी मॅडमना बोलावलं. मॅडम म्हणाल्या, "गालाच्या पेशी तुझ्या मुलाला जात नाहीत. त्या इथेच झिजतात, गळून जातात, खालून नव्या येतात. तू विहिरीचं पाणी सोडलंस, आता नवीन पेशींना तो त्रास नाही. पोटात बाळ असताना तसलं पाणी पिऊ नये हे पक्कं, आणि तू ते पिणारच नाहीस. याच्यापुढचं सगळं विज्ञानाला ठाऊक आहे असं मी म्हणणार नाही."

"ते लोक लेखी मागून राह्यले. पोरं चांगली होतील असं."

"तसं मी कोणालाच लिहून देणार नाही. त्यांच्या मुलाबद्दलही नाही."

कोमल म्हणाली, "मॅडम, मले नवरा काय, दुसरा भेटंल. पन माही मोडली त वस्तीतल्या सगळ्या पोरीयची मोडते. माह्यामागं चौघी-पाच जनी हायेत." आणि दारातून वळून माझ्याकडे पाहून, "सर, माह्या काचेवर हक्क माहाच ना?"

"तुझाच."

"बरं."

पुढच्या बाजाराच्या दिवशी आमच्या प्रयोगशाळेत जे नाटक झालं, त्याचं तिकीट लावलं असतं तर कॉलेजची गळकी छतं दुरुस्त झाली असती. कोमल आणि वच्छलाबाई एका बाकावर. समोर उत्तमराव, त्यांची बायको आणि निलेश. कोमलनेच बोलावलं होतं, "माही काच दाखवते, या पाहाले" म्हणून. उत्तमराव आल्या आल्या खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "हं, दाखवा. पाहू काय भानगड हाय."

कोमल उठली. "दाखवते मामाजी. पन नुसती माही पाहून तुमाले काय समजंल? वजनकाट्यावर एका पारड्यात माल ठेवला, त दुसऱ्यात माप लागते. पैले तुमचा गाल काढू द्या सरले."

"माहा? माहा काऊन? मी काय तुमच्या विहिरीचं पानी पेलो?"

"नाही पेले ना? मग त चांगलंच माप हाय!"

उत्तमरावांची बायको तोंडाला पदर लावून म्हणाली, "काढा न जी. कायले भेता?"

बायकोने भित्रा म्हटल्यावर कोणता बागायतदार मागे हटेल? त्यांनी बाहेर जाऊन खर्रा थुंकला, दोनदा चूळ भरली, पुन्हा लालच निघाली, तिसऱ्यांदा भरली. मी सही घेतली आणि माझं वाक्य म्हटलं, "आ करा." मी काडी फिरवली. सांगू नये, पण गुदगुल्या त्यांनाही झाल्या. रंग चढायला वेळ लागतो, तोवर मंडळी बाजारात जाऊन चहा-भजी घेऊन आली. दोन्ही पक्ष वेगवेगळ्या हॉटेलात बसले होते.

मी काच लावली, नीट दिसेल असं केलं आणि उत्तमरावांना बसवलं. ते एक डोळा मिटून वाकले.

"गोल गोल दिसून राह्यलं. चंद्रासारखं."

"हाव. ते केंद्रक. आता जरा उजवीकडे नेतो."

"हे... चंद्राच्या बाजूले बारकी चांदनी कायची?"

मी काच तिथेच थांबवली. नाटकात थांबायचं कुठे हे मला गणेशोत्सवापासून ठाऊक आहे.

"हाच तो ठिपका," मॅडम म्हणाल्या. "गुणसूत्राचा तुटलेला तुकडा."

उत्तमरावांनी डोळा काढला, पुसला, पुन्हा लावला. मी काच सरकवली. आणखी एक. आणखी थोडी सरकवली. "माह्या गालात? कसं काय? मी त घरचं पानी पेतो!"

"खर्रा कधीपासून?" मॅडमनी विचारलं.

उत्तर त्यांच्या बायकोने दिलं. "आमच्या लग्नाच्या अगोदरपासून. मले त तवा कोनी काच बी नाही दाखवली!"

वच्छलाबाई एवढी हसली की बाकावरून घसरली. निलेशने मान खाली घातली, त्याचे खांदे हलत होते. उत्तमराव मात्र हसले नाहीत. पुन्हा वाकून, न सांगता स्वतःच काच सरकवायला बघत होते. मोठ्या माणसाचा चेहरा असा लहान होताना पाहवत नाही. मी त्यांचा हात धरून स्क्रू कसा फिरवायचा ते दाखवलं.

मग कोमलने आपली काच मागितली. तिच्या दोन होत्या. पाणी सोडायच्या वेळची आणि नंतर आम्ही पुन्हा गाल खरवडला तेव्हाची. तिने काही लपवलं नाही. जुन्या काचेत मीच जो ठिपका शोधून ठेवला होता, तो तिने आधी उत्तमरावांना दाखवला, मग त्यांच्या बायकोला. "हे माहं, विहिरीचं." मग नवी लावली. नव्यात शोधावं लागलं. आम्ही दोघांनी शोधलं, वेळ लागला, तेव्हा कुठे एक सापडला. "हे आताचं. अजून एखादा हाय, खोटं नाही बोलत. मी पानी सोडलं, कमी झालं. तुमी खर्रा सोडसान त तुमचंही होईल. होईल ना मॅडम?"

"होतं कमी," मॅडम म्हणाल्या. "गालातलं तर होतंच. बाकी जे झालं असेल त्याला डॉक्टरांना तोंड दाखवा. उत्तमराव, हे मी गंमत म्हणून सांगत नाही."

उत्तमराव उठले, दारापर्यंत गेले. सवयीने हात खिशात गेला, पुडी बाहेर आली. ती त्यांनी पाहिली, परत खिशात ठेवली, फेकली वगैरे काही नाही. आम्ही काही सिनेमात नव्हतो. पण खाल्ली नाही. मग वळून वच्छलाबाईला विहिणीच्या नात्याने म्हणाले, "येवाईनबाई, लोकायच्या तोंडाले लागून मी थांबवलं होतं. आता मी सोताच गावात सांगतो काय पाह्यलं ते. माहंही सांगतो. आमच्याकडून पक्कं समजा."

वच्छलाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, पडदा पडला. मी काचा आवरायला घेतल्या.

"थांबा मामाजी," कोमल म्हणाली. "तुमच्याकडून पक्कं झालं. माह्याकडून कुठं झालं?"

"म्हंजे?"

"निलेशचा गाल राह्यला न."

निलेश एकदम सरळ बसला. कोमल हाताची घडी घालून उभी. त्याने बापाकडे पाहिलं नाही, आईकडे पाहिलं नाही. उठून नळावर गेला, चूळ भरली. स्वच्छ, पांढरी. माझ्यापुढे स्टुलावर बसला आणि मी म्हणायच्या आत तोंड उघडलं.

रंग चढेपर्यंत या वेळी कोणी बाजारात गेलं नाही. वच्छलाबाईने आणि उत्तमरावांच्या बायकोने मिळून एक शेंगांची पुडी संपवली. काच तयार झाली तेव्हा मी ती निलेशपुढे केली, कारण ती त्याची होती. त्याने घेतली, उलटसुलट पाहिली आणि कोमलच्या हातात दिली. "तूच पाह्य," म्हणाला.

कोमल सूक्ष्मदर्शकापाशी बसली. शिकवल्याशिवाय स्क्रू फिरवला, काच सरकवली, इकडून तिकडे, वरून खाली, मंडईत वांगी निवडावीत तशी एकेक पेशी. किती वेळ पाहत होती कोणास ठाऊक. निलेशच्या कपाळावर घाम. शेवटी तिने डोकं वर केलं, त्याच्याकडे पाहिलंच नाही, आईकडे वळली.

"माय," म्हणाली, "तारखेचं पाहा म्हना बाबाले."